एसटीने कासवांच्या गावी : हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले

मार्चमध्ये कोकणात जाऊन आलो तेव्हापासून निम्म्या सोसायटीने विचारून झालंय की दारात गाडी असताना एसटीने कशाला गेलात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. कारण फार काही उदात्त नाही. ऑफिसातली एक मैत्रीण आदल्या वर्षी शनिवार-रविवार गाठून वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेली होती, आणि परत आल्यावर तिने जे फोटो दाखवले त्यात पिल्लं कमी आणि माणसांच्या पोटऱ्या जास्त होत्या. गावातला रस्ता केवढासा, त्यावर गाड्याच गाड्या, समोरासमोर आल्या की कोणी मागे घ्यायची यावरून भांडणं. तेव्हाच ठरवलं की जायचं तर मधल्या वारी जायचं, गाडी न घेता जायचं आणि कासवं दिसली नाहीत तरी तोंड पाडायचं नाही. शेवटची अट खास नवऱ्यासाठी होती.

आम्ही म्हणजे मी, नवरा, पाचवीतला ओजस (शाळा बुडवून, हो) आणि सासूबाई. आईंचं वय सत्त्याहत्तर. हे मुद्दाम सांगतेय कारण 75 च्या वरच्यांना एसटी फुकट, मला 2023 पासून बायकांचं अर्धं तिकीट, ओजसचं वयामुळे अर्धं, म्हणजे पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं. प्रत्येक एसटीत तो 'घरात मीच एकटा कमावता' असा चेहरा करून कंडक्टरकडे पैसे द्यायचा.

सामानात नेहमीच्या कपड्यांशिवाय स्टीलच्या बाटल्या, दोन रिकामे डबे, कापडी पिशव्या, टॉर्चला लावायला लाल जिलेटीन पेपर आणि तांदळाची एक रिकामी दहा किलोची पिशवी. ही पिशवी कचऱ्यासाठी. आईंनी आधीच फर्मान काढलं होतं की दुसऱ्याच्या गावात आपला उकिरडा ठेवून यायचा नाही.

मंगळवार : पुणे ते हरिहरेश्वर

ताम्हिणीतून श्रीवर्धनकडे जाणारी एसटी धरली. प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, घाटात पळस आणि पांगारा लालभडक फुलला होता आणि गाडी चालवायची नसल्यामुळे नवऱ्याने तो लग्नानंतर पहिल्यांदा धड बघितला. माणगावला वडापाव वर्तमानपत्राच्या कागदात मिळाला. आम्ही स्टीलचा डबा पुढे केला तर वडापाववाले मामा म्हणाले, किती देऊ, पूर्ण भरू का? डबा बघून त्यांना वाटलं आमचं मोठं कुटुंब मागे कुठेतरी बसलंय.

हरिहरेश्वरला पोचेपर्यंत दुपार टळली होती. उकाडा असा की सावलीत बसून घाम. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असं दर्शन घ्यायची पद्धत आहे. आईंनी ती नीट पाळली आणि आम्ही त्यांच्या मागे. त्यानंतर प्रदक्षिणेचा मार्ग, डोंगराच्या दोन कड्यांमधल्या पायऱ्यांवरून एकदम समुद्रावर उतरतो तो. लाटांनी खडक असे काही कोरलेत, भोकं, जाळ्या, लहान लहान वाट्या. वाट्यांमध्ये पाणी साठलेलं आणि त्यात खेकड्यांची पोरं. ओजस तिथे पालथा पडून तास दीड तास बघत होता, मोबाईल मागितला नाही.

कामाचं : हा मार्ग फक्त ओहोटीला करायचा. भरती-ओहोटीच्या वेळा फोनवर दिसतातच पण देवळाजवळच्या दुकानदाराला विचारलेलं जास्त बरं. भरतीच्या वेळी इथे माणसं वाहून गेलेली आहेत, तिथे पाट्याही लावल्यात, तरी सेल्फीसाठी टोकाला जाणारे जातातच.

रात्री राहिलो ते एका घरी, मागे नारळ-सुपारीची वाडी. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ. ती उसळ खाऊन नवऱ्याने गाडी न आणल्याबद्दलची कुरकुर बंद केली (तात्पुरती). जेवणानंतर घरचे काका वाडी दाखवायला घेऊन गेले. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुपारच्या काही तासांत त्यांची बहुतेक सगळी झाडं आडवी झाली. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, वडिलांनी लावलेली झाडं, सगळी एका दिवसात जमिनीवर. सुपारी लावली की धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे जी नवी रोपं लावली ती आत्ता कुठे हाताशी येतायत. मधली वर्षं कशी काढली विचारलं तर म्हणाले, तुमच्यासारखी माणसं येत होती ना राहायला. एवढंच म्हणाले आणि टॉर्च दुसऱ्या झाडाकडे वळवला. आम्ही त्यांच्याकडूनच आमसुलं आणि सुपारी घेतली, अर्थात. बाजारात तीच आमसुलं चकचकीत पाकिटात मिळतात, त्यातले किती पैसे या वाडीपर्यंत येत असतील कोण जाणे.

बुधवार : खाडी ओलांडून वेळास

सकाळी रिक्षाने बागमांडला जेटी. इथून सावित्री नदीची खाडी ओलांडायला फेरीबोट आहे, पलीकडे वेसवी. गाड्याही चढतात बोटीवर पण पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ. महाबळेश्वरला जिचा उगम बघायला आपण रांग लावतो ती हीच सावित्री, इथे समुद्राला मिळताना एवढी रुंद होते की आईंनी हात जोडले.

बोटीवर एक कुटुंब कुरव पक्ष्यांना फरसाण फेकत होतं. हे पक्षी हिवाळ्यात बाहेरून येतात, मार्चमध्ये परत जायच्या तयारीत असतात, लांबच्या प्रवासासाठी त्यांना मासे खाऊन अंगात ताकद भरायची असते आणि आपण त्यांना तळलेली शेव देतो. मला बोलायचं होतं पण परक्या माणसांना सुट्टीत शिकवायला गेलं की भांडणच होतं. ओजसने मात्र त्यांच्या मुलीला जाऊन विचारलं, "त्यांना नंतर पाणी कुठे मिळतं गं, शेव तिखट लागल्यावर?" मुलगी विचारात पडली. फरसाण थांबलं. हा उपाय मला सुचला नसता.

वेसवीहून वेळासच्या रस्त्यावर बाणकोटचा किल्ला लागतो. लहानसा, पण खाडीचं तोंड आणि समुद्र दोन्ही एका नजरेत येतं. इंग्रजांनी आंग्र्यांकडून घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं, त्याआधी आंग्रे त्याला हिम्मतगड म्हणायचे. तटावर उभं राहिलो तर वारा इतका की आईंचा पदर आणि नवऱ्याची टोपी दोन्ही सांभाळायला मीच. टोपी गेली. खाली उतरून शोधून आणली, कारण प्लास्टिकची होती आणि आईंचा डोळा होता.

वेळास म्हणजे डोंगराच्या कुशीतलं गाव, लाल मातीची वाट, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, माड, पोफळी, आंबा. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, त्यांचं स्मारक आहे गावात. हॉटेल नाही, राहायचं लोकांच्या घरीच. शिमगा नुकताच होऊन गेला होता, मुंबईहून आलेले चाकरमानी अजून काही घरांत होते आणि अंगणात रंगाचे डाग.

आमच्या काकूंनी (ज्यांच्याकडे उतरलो त्या) आल्या आल्या न्हाणीघर दाखवलं आणि एवढंच सांगितलं की साबण जरा बेताने वापरा, पाणी मागे अळवात जातं. मग दुपारी पानात अळूचं फदफदं आलं. नवऱ्याने बॅगेत आणलेला शॉवर जेल नंतर बॅगेतच राहिला, म्हणाला मला माझाच जेल खायचा नाहीये. पाणी माठातलं, उकळून गार केलेलं, बाटल्या तिथेच भरायच्या. मला वाटतं सगळ्या कोकण ट्रिपमध्ये आम्ही प्लास्टिकची पाण्याची बाटली घेतलीच नाही, आणि कोणाच्याही पोटाला काही झालं नाही, कारण सगळे हा प्रश्न विचारतात.

आता कासवांबद्दल. ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि निघून जातात. आई म्हणून नंतर काहीही जबाबदारी नाही (आमच्या आई यावर म्हणाल्या, "सुटली बिचारी"). पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे संवर्धन सुरू केलं. 2006 पासून कासव महोत्सव, म्हणजे पर्यटक यावेत, गावातल्या घरांत राहावेत आणि अंडी विकण्यापेक्षा राखण्यात गावाचा जास्त फायदा व्हावा अशी ती जोडणी. आता वनविभागही त्यात आहे. जे गावकरी हे काम करतात त्यांना कासवमित्र म्हणतात. ते पहाटे अंधारात किनारा चालतात, मादीच्या वाळूत उमटलेल्या खुणा शोधतात, अंडी सापडली की ती कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात, वर तारखेची पाटी. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. गावातून बरंच चालायला लागतं, मध्ये खाडीचा फाटा आणि मग सुरूचं बन. आई काठी घेऊन हळूहळू आल्या. पंचवीस-तीस माणसं असतील. कासवमित्र दादांनी हॅचरीतल्या एकेका घरट्यावरची टोपली उचलून बघितली. काही नाही. दुसरी, काही नाही. सगळ्या बघून झाल्या. काही नाही.

एक गृहस्थ म्हणाले, "तारीख तर झालीये ना पाटीवर? मग थोडं उकरून बघा की."

दादा शांतपणे म्हणाले, "साहेब, नऊ महिने झाले म्हणून आपण बाहेरून दार वाजवत नाही."

लोक हसले, ते गृहस्थही हसले. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. माझ्या दृष्टीने त्या संध्याकाळचा फायदाच झाला, कारण पिल्लं नसल्यामुळे दादांना बोलायला वेळ होता. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट ओजस अजून सगळ्यांना सांगतो, की पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. उन्हाळे असेच वाढत गेले तर पुढे किनाऱ्यावर येणाऱ्या पिल्लांत नर किती असतील, असं मी विचारलं. ते म्हणाले, तेच तर.

कामाचं : टॉर्च आणि फ्लॅश का नको ते नीट समजून घ्या. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेने जातात, निसर्गात तो उजेड समुद्रावरचा असतो. आपण मागून मोबाईल लावला की ती उलटी गावाकडे वळतात. लाल कागद लावलेली टॉर्च चालते, तीही वाटेवर, हॅचरीजवळ बंद. आणि अंगाला डास चावणारच, त्याची तयारी घरूनच करून या.

गुरुवार : वेळास

पहाटे उठून पुन्हा किनाऱ्यावर. आईंना उठवणार नव्हते तर त्या आधीच तयार होऊन ओट्यावर बसलेल्या.

आज तिसऱ्याच टोपलीखाली वाळू हलत होती. आधी एक डोकं, मग एक वल्ह्यासारखा पाय, मग बघता बघता घरटंच वर आलं. काळपट राखाडी, तळहातावर मावतील एवढी. दादांनी ती टोपलीत घेतली आणि पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली. थेट पाण्यात सोडत नाहीत. त्या वाळूवरून स्वतः चालत जाण्याने त्यांच्या डोक्यात हा किनारा बसतो आणि मोठेपणी माद्या अंडी घालायला त्याच भागात येतात असं मानलं जातं. दोन्ही बाजूंना दोरी, आपण दोरीच्या मागे. दोरीच्या आतल्या वाळूत चालायचं नाही, कारण आपल्या पावलाचा खड्डा म्हणजे त्या पिल्लाला विहीर.

त्यातलं एक पिल्लू सारखं उलटं फिरत होतं. समुद्राकडे चार पावलं, मग डोंगराकडे. सगळे श्वास रोखून, कोणीतरी हळूच म्हणतंय अरे इकडे इकडे. ओजसचा हात दोरीच्या पलीकडे जायला लागला तसा दादांनी नुसतं मानेने नाही म्हटलं. शेवटी एक मोठी लाट वर आली आणि त्याला उचलून घेऊन गेली, म्हणजे त्याचा निर्णय लाटेनेच घेतला. आई म्हणाल्या, "हा आपल्या घरातलाच दिसतोय," आणि नवऱ्याकडे बघितलं.

हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. कासवमित्रांना हे माहीत असूनही ते दर पहाटे किलोमीटरच्या किलोमीटर वाळू तुडवतात, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

नाश्त्याला घावणे आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध. मग दिवसभर काही ठरवलं नव्हतं. गाडी नसली की 'आता इथून वीस किलोमीटरवर काय आहे' हा प्रश्नच पडत नाही, तुम्ही आपले एका गावात असता. दुपारी सुरूच्या बनात पडून होतो तेव्हा ओजसला आकाशात एक मोठा पक्षी दिसला, खालून पांढरा, पंखांची कड काळी. समुद्री गरुड. पायात काहीतरी लोंबत होतं, नवरा म्हणाला मासा, ओजस म्हणाला साप. खरंच साप असू शकतो, हे गरुड समुद्रसापही खातात.

संध्याकाळी किनाऱ्यावर जाताना ती तांदळाची पिशवी घेतली. भरतीच्या रेषेवर जे पडलेलं असतं ते बघण्यासारखं आहे: बाटल्यांची झाकणं, चपला (जोडी कधीच नाही), थर्माकोलचे तुकडे, औषधाच्या पट्ट्या, आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडेच तुकडे. हे सगळं इथल्या पर्यटकांनी टाकलेलं नाही हे उघड आहे, समुद्राने कुठून कुठून आणलेलं असतं. फाटलेली जाळी समुद्रात सोडली की ती तशीच तरंगत राहते आणि कासवं त्यात अडकतात. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, अडकलं की बुडून मरतं. कासव पाण्यात बुडून मरतं हे आईंना पटेना. आम्ही फक्त जाळ्यांचे तुकडे उचलायचे ठरवलं, बाकीचं शक्यच नव्हतं. पिशवी तेवढ्यानेच भरली.

त्याच संध्याकाळी एक टेम्पो ट्रॅव्हलर भरून मंडळी आली, बरोबर स्पीकर. मला वाटलं आता संपलं. पण कासवमित्र दादांनी आधी त्यांना चहा कुठे मिळेल ते सांगितलं, मग कासवांची गोष्ट सांगितली, मग म्हणाले की पिल्लांच्या वेळेला आमच्याकडे गाणं बंद असतं. बंद झालं. रागावून सांगितलं असतं तर झालं नसतं. त्यांच्यातल्या एकाने ड्रोन काढला तो मात्र त्याच्याच मैत्रिणीने परत बॅगेत घालायला लावला.

मला प्रामाणिकपणे हा प्रश्न पडलाच होता की आपण जाऊच नये का, कासवांना आपली काय गरज. रात्री काकूंना विचारलं. त्या भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "नाय आलात तर पोरं मुंबईला जातील, मग पहाटे किनारा कोण चालणार? या, पण सगळे एकाच रविवारी नका येऊ."

कामाचं : शहरासारखी रोजची घंटागाडी खेड्यात नसते. ओला कचरा वाडीत जिरतो, पण तुमची वेफर्सची पाकिटं, डायपर, सॅनिटरी पॅड, शाम्पूच्या पुड्या यांचं त्या घराने काय करायचं? एक तर जाळायचं नाहीतर पुरायचं. त्यामुळे सुका कचरा परत आणायची सोय करूनच निघा, झाकणाचा एक डबा त्यासाठी वेगळा ठेवला की वासही येत नाही. बांबूचा ब्रश आणि स्टीलचा स्ट्रॉ घेऊन मोठ्या गाडीतून दोघंच येणारेही आम्हाला भेटले, छान माणसं होती, पण डिझेलचा हिशोब स्ट्रॉने फिटत नाही.

शुक्रवार : केळशी, आंजर्ले

वेळासहून केळशीला एसटीची वेळ जुळत नव्हती, म्हणून काकूंच्या ओळखीतली गावातलीच रिक्षा केली. निघताना काकूंनी फणसाच्या कुयरीची भाजी आणि भाकरी आमच्याच डब्यात भरून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हत्या, आईंनी ते ताटाखाली ठेवले.

केळशीला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची एक भलीमोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केलाय, जुन्या काळी समुद्राच्या एखाद्या प्रचंड लाटेने, म्हणजे त्सुनामीने, ती तयार झाली असावी असं त्यांचं म्हणणं. टेकडीच्या पोटात जुनी भांडी, नाणी सापडली. आम्ही खालूनच बघितली. वर चढून वाळूवरून घसरत येणारी मुलं होती, मजा त्यांची, पण वाळू अशीच खाली येत राहिली तर टेकडी किती दिवस पुरेल. ओजसलाही घसरायचं होतं, रुसला, मग महालक्ष्मीच्या देवळाच्या तळ्यातले मासे बघून विसरला.

दुपारी आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला पायऱ्यांनी जायचं की रिक्षाने यावर मतदान झालं, आई पायऱ्यांच्या बाजूने होत्या. अर्ध्या वाटेत बसून ताक प्यायलो, तिथल्याच एका आजींनी दिलं, काचेच्या ग्लासात. वर देवळातून खाली हर्णै आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो, ऊन उतरल्यावर तर बघतच राहावं.

आंजर्ल्यातही कासवांचं काम चालतं. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या काही माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवले तेव्हा वेळासच्या मादीचं नाव प्रथमा ठेवलं आणि आंजर्ल्याच्या मादीचं सावनी. नंतर 2023 मध्ये गुहागरला टॅग लावलेली बागेश्री तर भारताचं दक्षिण टोक ओलांडून श्रीलंकेच्या पलीकडे गेली. आणि ओडिशात 2021 मध्ये टॅग केलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, म्हणजे ती एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात आली. हे रात्री जेवताना आमच्या इथल्या यजमानांनी सांगितलं आणि ओजसने लगेच नकाशा मागितला. बोटाने ओडिशापासून गुहागरपर्यंतचा किनारा फिरवून म्हणाला, "आणि बाबा पुण्याहून यायला कुरकुर करत होते."

इथे मासे मिळाले. तीन दिवस शाकाहारी राहिलेल्या नवऱ्याने बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी समोर आल्यावर डोळे मिटले.

कामाचं : डॉल्फिन दाखवायच्या बोटी या भागात बऱ्याच आहेत. आम्ही गेलो नाही, पण जाणार असाल तर आधीच सांगा की पाठलाग नको, इंजिन बारीक करून लांब थांबू. तीन-चार बोटी मिळून एका कळपाला घेरतात ते बघवत नाही. 'नाही दिसले तरी पूर्ण पैसे देऊ' असं आधीच बोललात की नावाडी स्वतःच निवांत होतो, त्याला तुम्हाला काहीतरी दाखवायचं दडपण राहत नाही.

शनिवार : हर्णै आणि परत

हर्णैचा मासळी लिलाव मुख्यतः संध्याकाळचा असतो, पण आम्हाला दुपारच्या गाडीने निघायचं होतं, म्हणून सकाळी बंदरावर नुसती चक्कर मारली. किनाऱ्यावर बैलगाड्या, बर्फाचे ढीग, वास, गोंगाट. एका कोळीणबाईंकडे बोटभर पापलेटांचा वाटा होता. आईंनी विचारलं एवढी लहान का, तर त्या वैतागून म्हणाल्या, "जाळ्यात येतंय तर टाकू कुठे? तुमी घेऊ नका, मग आननार पन नाय कोनी." सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय, त्याहून लहान पकडायचे नाहीत, पण बाईंचं म्हणणंही खोटं नाही, गिऱ्हाईक आहे तोवर लहान मासा विकला जाणारच. आम्ही त्यांच्याकडून सुके जवळे घेतले, आमच्या डब्यात, आणि तो डबा पुण्यापर्यंत नवऱ्याच्या पायाशी होता. शेजारच्या सीटवरच्या मुलाने महाडला जागा बदलली.

दापोलीहून पुण्याची गाडी पकडली. स्टँडवर कैऱ्या, करवंदं अजून नव्हती, काजूची बोंडं मात्र होती. पानात गुंडाळून दिली.

घरी आल्यावर पिशवी ओतली. जाळ्यांचे तुकडे सोडले तर आमचा स्वतःचा कचरा फार नव्हता: बिस्किटांची वेष्टणं, आईंच्या गोळ्यांच्या पट्ट्या, एक फाटलेली चप्पल, आणि नवऱ्याने दर स्टँडवर गुपचूप खाल्लेल्या चिक्कीची कागदं. सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी प्लास्टिक घेतलं, जाळ्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाल्या याला कोणी घेत नाही. त्यामुळे त्या अजून गॅलरीत आहेत. ओजस त्याच्यावर दोडका चढवायचा म्हणतोय. नायलॉन जाळ्यांचं कोणी खरंच काही करत असेल पुण्यात तर सांगा.

जायचं असेल त्यांच्यासाठी शेवटचं: फेब्रुवारी अखेर ते एप्रिलची सुरुवात हा चांगला काळ, सोमवार ते गुरुवार जा, निदान दोन रात्री वेळासला ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून किनाऱ्यावर पुरेशा वेळा जाता येतं. ज्येष्ठ बरोबर असतील तर किनाऱ्याजवळचं घर मागा. निघायच्या आठवडाभर आधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून घरट्यांच्या तारखा विचारा, त्या मनापासून सांगतात. फक्त 'नक्की दिसतील ना' असं विचारू नका, पलीकडे फोन हातात धरून आख्खं घर हसतं.